कानामागची काडी

माझे चष्म्याचे छोटे दुकान आहे. तीस-पस्तीस वर्षांत मी माणसांच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या कानांची मागची बाजू जास्त पाहिली असेल. चष्मा नाकावर बसतो असे लोक समजतात. नाकावर तो नुसता टेकतो. त्याला धरून ठेवतो तो कान. चष्मा घसरतो, टोचतो, डोके दुखवतो, या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ कानामागच्या बोटभर जागेत सापडते.

तीन वर्षांपूर्वी विमान चालवायला शिकणारा एक मुलगा दुकानात आला. त्याने काउंटरवर एक महागडा गॉगल ठेवला. "काका, नंबर बरोबर आहे, काच छान आहे. पण वर हेडसेट घातला की तासाभरात इथे ठणकायला लागतं." त्याने कानाच्या वर, किंचित मागे बोट टेकवले. मी विचारले, "मग काय करतोस?" तो म्हणाला, "काय करणार? एक वाटी जरा वर सरकवतो. अगदीच सहन नाही झालं तर गॉगल काढून ठेवतो."

हे उत्तर मी एकदा आमच्या घरातच ऐकले होते. त्याविषयी शेवटी लिहीन. त्या दिवशी मी काडी गरम करून सरळ केली, टोकाची जाडी कानशीने कमी केली आणि मुलगा खूश होऊन गेला. मला मात्र प्रश्न पडला. वैमानिक डोळ्यांवर काचा लावतात त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली. कानांवर यंत्र चढवतात त्यालाही जवळपास तितकीच. एवढ्या काळात या दोन वस्तूंचे एकमेकींशी जमले का नाही? मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुने कॅटलॉग, वापरसूचना, कंपन्यांच्या हकिगती, वैमानिकांसाठीच्या पुस्तिका असे जे हाती आले ते संध्याकाळी दुकान बंद केल्यावर वाचत गेलो. त्यातून जुळलेली ही गोष्ट आहे.

पट्ट्याचा गॉगल

मराठीत आपण कोणत्याही काळ्या चष्म्याला गॉगल म्हणतो. इंग्रजीत हा शब्द मुळात पट्ट्याने डोक्याला बांधायच्या, डोळे चहूबाजूंनी बंद करणाऱ्या चष्म्याचा. सुरुवातीच्या वैमानिकांकडे असायचा तो हाच. विमान उघडे, समोर फार तर वीतभर काच. वारा, धूळ आणि इंजिनातून उडणारे तेल थेट तोंडावर. तेव्हाच्या गॉगलचे पहिले काम उन्हापासून नव्हे, वाऱ्यापासून वाचवण्याचे होते.

ते किती महत्त्वाचे होते हे २७ फेब्रुवारी १९२० रोजी दिसले. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटनजवळच्या मॅकुक फील्ड तळावरून मेजर रुडॉल्फ श्रोडर उंचीचा विक्रम करायला निघाले. ३३,००० फुटांच्या वर गेल्यावर प्राणवायूचा पुरवठा तुटला. गॉगलवर हिम साचले म्हणून त्यांनी तो वर सरकवला आणि त्या थंडीत डोळ्यांतले पाणी गोठले. शुद्ध हरपून विमान हजारो फूट कोसळले. जमीन जवळ आल्यावर ते सावरले आणि जवळजवळ आंधळ्या अवस्थेत त्यांनी विमान उतरवले.

त्या काळी कानांची व्यवस्था वेगळी होती. १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी वैमानिक शिकवण्याची नवी पद्धत रुजवली. तिच्यातले एक साधन म्हणजे बोलण्याची नळी. शिक्षकाने एका टोकाला बोलायचे आणि नळीतून तो आवाज विद्यार्थ्याच्या कातडी टोपीत, थेट कानापाशी पोचायचा. विजेचा संबंध नाही. आपण लहानपणी खेळायचो त्या आगपेटीच्या टेलिफोनचीच ही थोरली बहीण.

इथे रचनेतली एक गोष्ट लक्षात घ्यावी. ऐकण्याचे साधन टोपीच्या आत, गॉगलचा पट्टा टोपीच्या वर आणि मध्ये कातडे. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे, पण एक तळमजल्यावर आणि एक माडीवर. भांडणाला जागाच नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले ते पस मॉथ जातीच्या विमानातून. त्या उड्डाणाच्या वर्णनांत त्यांच्या गॉगलचा आणि हिशेबाच्या सरकपट्टीचा आवर्जून उल्लेख येतो. रेडिओ नव्हताच. कानात इंजिनाचा आवाज होता, पण कानावर काही नव्हते. पस मॉथ मात्र बंद खोलीचे विमान होते, आणि गोष्टीला पुढचे वळण लागते ते या बंद खोलीमुळेच.

काडी आली

विमानाला छप्पर आले, समोर मोठी काच आली आणि वारा बाहेर राहिला. पट्ट्याच्या गॉगलचे मुख्य काम संपले. ऊन मात्र वाढले. विमाने अधिक उंच जाऊ लागली, आणि उंचीबरोबर हवा विरळ होऊन अतिनील किरण वाढतात. दर हजार मीटरला साधारण १० ते १२ टक्के. शिवाय ढगांचा पांढरा पृष्ठभाग खालून प्रकाश परत फेकतो. आता गरज होती ती डोळे बंद करणाऱ्या चष्म्याची नव्हे, तर झगमगाट कमी करणाऱ्या हलक्या चष्म्याची. तो पट्ट्याने बांधायचे कारण उरले नाही. साध्या चष्म्यासारख्या दोन काड्या पुरेशा होत्या.

या चष्म्याच्या जन्माची एक लोकप्रिय कथा आहे. जॉन मॅक्रेडी हे श्रोडर यांच्याच तळावरचे वैमानिक. फुग्यातून अटलांटिक महासागर ओलांडून आल्यावर त्यांचे डोळे दुखावले, म्हणून त्यांनी रॉचेस्टर गावच्या बॉश अँड लोंब कंपनीला गॉगल बनवायला सांगितले, असे ठिकठिकाणी छापलेले आढळते. ही फुग्याची हकिगत खरी असणे शक्य नाही. फुग्यातून अटलांटिक पहिल्यांदा ओलांडला गेला तो १९७८ मध्ये. मॅक्रेडी यांचे विक्रम विमानांतले आहेत: १९२१ मध्ये ३४,५०० फुटांच्या वर उड्डाण, आणि मे १९२३ मध्ये ओकली केली यांच्याबरोबर अमेरिका खंडावरून न थांबता केलेला पहिला प्रवास. कंपनीचा 'रे-बॅन' गॉगल १९३७ पासून त्या नावाने विकला जाऊ लागला. काचा थेंबासारख्या, खाली उतरत्या. कारण वैमानिकाची नजर सतत समोरून खालच्या घड्याळांकडे जात असते आणि त्या वेळीही डोळा झाकलेला राहायला हवा.

महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या वैमानिकांसाठी प्रमाणित गॉगल ठरवला. त्याच्या काड्या लवचीक तारेच्या होत्या आणि कानाभोवती पूर्ण वळसा घेत. माझ्या धंद्यातल्या जुन्या माणसांना अशा काड्या ठाऊक आहेत. धावपळ करणाऱ्या लहान मुलांना आम्ही त्या देत असू. डोके कसेही हलवा, चष्मा पडत नाही. १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या जनरल मॅकआर्थर यांच्या छायाचित्रांनी वैमानिकी गॉगल जगभर पोचवला. त्यांच्या डोक्यावर टोपी होती, कानांवर काही नव्हते. वैमानिकाचे तसे नव्हते.

कानामागून आली

'कानामागून आली अन् तिखट झाली' ही म्हण हेडसेटला अक्षरशः लागू पडते. त्याचा मूळपुरुष नॅथॅनियल बाल्डविन हा अमेरिकेतील युटा राज्याचा. १९१० मध्ये त्याने आपला कर्णध्वनी अमेरिकी नौदलाकडे पाठवला. नौदलाला तो पसंत पडला, पण बाल्डविन एका वेळी दहाच नग देऊ शकत होता, कारण तो ते घरी स्वयंपाकघरात बनवत असे. डोक्यावरून पट्टी आणि दोन्ही कानांवर दोन वाट्या, हे रूप तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

विमानात रेडिओ आल्यावर हे यंत्र कायमचे वैमानिकाच्या कानावर बसले. युद्धातल्या बाँबफेकी विमानांचे वैमानिक ताठ गोल टोपी घालत. वर हेडसेट नीट बसेना, म्हणून त्यांनी टोपीच्या आतली ताठ ठेवणारी कडी काढून टाकली. टोपी दोन्ही बाजूंनी चेपली, आणि ती चेपलेली टोपीच पुढे अनुभवी वैमानिकाची खूण मानली जाऊ लागली. म्हणजे हेडसेटपुढे टोपीने माघार घेतली. कापडाची टोपी चेपते. तारेची काडी चेपत नाही. ती तशीच वाटीखाली राहिली, आणि वाटी तिला कवटीवर दाबत राहिली. मधले कातडे गेले होते, माडी कोसळली होती आणि दोन्ही बिऱ्हाडे एकाच खोलीत आली होती.

चष्म्याच्या बाजूने या अडचणीची ठळक दखल १९५८ मध्ये घेतलेली दिसते. अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीने हवाई दलासाठी नवा गॉगल बनवला. त्याची काडी कानामागे वळत नाही. ती चपटी आणि सरळ आहे, संगिनीसारखी. इंग्रजीत तिला संगिनीचेच नाव आहे. शिरस्त्राण किंवा हेडसेट न काढता ती बाजूने आत सरकवता येते आणि तशीच बाहेर ओढता येते. कानामागे हुक नसल्यामुळे वाटीच्या कडेखाली येणारा धातू कमी होतो.

असा एक जुना गॉगल मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. काचा ओरखडलेल्या होत्या, पण काड्या शाबूत. विकणारा म्हणाला, "काड्या तुटल्यात, टोकं गेलीत, म्हणून स्वस्त देतो." टोके गेली नव्हती. ती तशीच घडवलेली होती. मी घासाघीस केली नाही.

चष्म्यातून निघालेला हेडसेट

यानंतरची घटना मला या सगळ्या वाचनात सर्वांत गमतीची वाटली. १९६१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सला आपल्या वैमानिकांसाठी नवे हेडसेट हवे होते. आधीचे फार जड होते. त्या कंपनीतले वैमानिक कोर्टनी ग्रॅहम आणि त्यांचे वैमानिक मित्र कीथ लार्किन यांनी मिळून एक हलका नमुना तयार केला. लार्किन ज्या छोट्या कंपनीत काम करत होते ती एक जपानी वस्तू आयात करत असे: काड्यांमध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ बसवलेला चष्मा. ज्या काडीशी हेडसेटचे वैर, तिच्याच पोटात आवाज भरण्याचे काम या माणसाच्या डोळ्यांसमोर होते. दोघांच्या अंतिम नमुन्यात बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रासारखी दोन बारीक साधने डोक्याच्या पट्टीला जोडलेली होती. त्यातून पॅसिफिक प्लँट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली. १९६९ मध्ये चंद्रावरून आर्मस्ट्राँग यांचा आवाज पृथ्वीवर आला तो याच कंपनीच्या हेडसेटमधून. त्याच अपोलो ११ मोहिमेत अमेरिकन ऑप्टिकलचे गॉगलही गेले होते.

पण हलका हेडसेट चालतो तो शांत विमानात. प्रवासी जेट विमानात वैमानिकाची जागा तुलनेने शांत असते. एका इंजिनाच्या, पंख्याच्या छोट्या विमानात गोंगाट नव्वद डेसिबलच्या आसपास किंवा वर असतो. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, ही कान वाचवण्याची एक मान्य मर्यादा आहे. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. तिथे कान पूर्ण झाकणारी, घट्ट बसणारी वाटी लागते. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर गावच्या डेव्हिड क्लार्क कंपनीने १९७० च्या दशकात खासगी वैमानिकांसाठी हिरव्या वाट्यांचा जो हेडसेट आणला, तो अजूनही छोट्या विमानतळांवर दिसतो. तो कान वाचवतो तो दाबाच्या बळावर. डोक्यावरची पट्टी दोन्ही वाट्या कवटीवर आवळून धरते आणि वाटीच्या कडेची मऊ गादी कानाभोवती सील करते.

काडी नेमकी या गादीखालून जाते. तिचे दोन परिणाम होतात. एक, जो दाब पूर्ण गादीवर पसरायचा तो काडीच्या अरुंद रेषेवर गोळा होतो; तिथे कातडी पातळ आणि लगेच खाली हाड, म्हणून ठणका. दोन, काडीच्या वर आणि खाली बारीक फट राहते. या फटीतून सगळ्यात आधी आत येतो तो खालच्या पट्टीचा, घुमणारा आवाज, म्हणजे पंख्याचा आणि इंजिनाचा. कडीने दार लावले, पण उंबऱ्याखाली उंदीर शिरेल एवढी फट राहिली, तशी ही गत. काडी जितकी जाड तितका ठणकाही जास्त आणि फटही मोठी.

नकाशा पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. वूस्टरपासून साउथब्रिज तीसेक किलोमीटरवर आहे. सरळ काडीचा गॉगल करणारी अमेरिकन ऑप्टिकल तिथली. दुसऱ्या बाजूला साधारण तेवढ्याच अंतरावर फ्रेमिंगहॅम, जिथे अमर बोस यांची कंपनी आहे. बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे १९२० मध्ये अमेरिकेत गेलेले. १९७८ मध्ये झुरिचहून बॉस्टनला परतताना विमानातच अमर बोस यांनी गोंगाटाला उलट्या आवाजाने मारण्याचे गणित कागदावर मांडले. १९८६ मध्ये व्हॉयेजर विमानातून नऊ दिवसांत न थांबता जग फिरणाऱ्या डिक रुटन आणि जीना येगर यांच्याकडे या हेडसेटचे प्राथमिक नमुने होते, आणि १९८९ मध्ये तो वैमानिकांना विकत मिळू लागला. हे तंत्र घुमणाऱ्या आवाजावरच उत्तम चालते, त्यामुळे वाटी थोडी सैल असली तरी निभते. पण फट मोठी असेल तर त्याचेही बळ कमी पडते.

एकाच राज्यात, एसटीने तास-दीड तासात जाता येईल एवढ्या टापूत एक जण डोळा सांभाळत होता आणि दोघे कान. डोळ्यांच्या चष्म्याची परीक्षा काचेतून किती प्रकाश जातो यावर होत असे. हेडसेटची परीक्षा किती आवाज अडतो यावर. दोन्ही वस्तू आपापल्या परीक्षेत पहिल्या आल्या. त्या ज्या बोटभर जागेत भेटतात तिथे काय होते, हे ज्याच्या डोक्यावर दोन्ही चढवले त्यालाच कळत होते. मग मधले उपाय निघाले: काडीवर चढवायच्या स्पंजच्या गाद्या, वाटीच्या कडेला जेलची मऊ गादी. अमेरिकेच्या विमान प्रशासनाची वैमानिकांसाठी गॉगलवर एक पुस्तिका आहे. तिच्यात काच साधारण १५ ते ३० टक्के प्रकाश आत सोडणारी असावी, पोलराइज्ड काच टाळावी कारण तिच्यातून काही पडद्यांवरचे आकडे दिसेनासे होतात, हे सारे आहेच. शिवाय फ्रेम हेडसेटच्या आड येता कामा नये, हेही बजावले आहे. अलीकडे खास वैमानिकांसाठी कागदासारख्या पातळ, लवचीक काड्यांचे गॉगल निघाले आहेत. काहींत काड्या काढून पट्टा लावायची सोय असते. शंभर वर्षांनी गाडी पुन्हा पट्ट्यावर आली.

सवय

आता घरातली गोष्ट. माझे वडील विमानांच्या इंजिनांजवळ काम करत. ते वैमानिक नव्हते, जमिनीवरचे माणूस. कानांवर घालायला त्यांना गोंगाट अडवणाऱ्या वाट्या मिळत, हेडसेटसारख्याच, फक्त आवाज न देणाऱ्या. मी दुकान सुरू केले त्या वर्षी पहिल्या काही चष्म्यांत त्यांचा चष्मा बनवला. काळी, जाड, मजबूत फ्रेम. पडली तरी तुटणार नाही याचा मला अभिमान होता.

काही महिन्यांनी जेवताना ते म्हणाले, "वाट्या घातल्या की तुझी काडी टोचते रे. मी डावी बाजू जरा वर ठेवतो." त्यांच्या डाव्या कानावर लाल वळ होता. मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "नवीन आहे, सवय होईल."

सवय झाली. वाटी वर ठेवायची. पुढे अनेक वर्षे त्यांनी ती तशीच ठेवली. निवृत्तीनंतर कानांची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला. चार हजार हर्ट्झपाशी रेषा खड्ड्यासारखी खाली गेली होती. ती गोंगाटाने झालेल्या बहिरेपणाची खूण असते. डावा कान उजव्यापेक्षा वाईट होता. वय, इतक्या वर्षांचे काम, ही सगळी कारणे आहेतच. सगळा दोष मी एका काडीवर घालत नाही. पण 'सवय होईल' हे शब्द माझे होते, आणि काडी गरम करून पातळ करायला मला दहा मिनिटे लागली असती.

हा इतिहास वाचताना मला सारखे तेच दिसत राहिले. दुखणारी वस्तू माणूस सहन करत बसत नाही. तो ती हळूच बाजूला सरकवतो. वैमानिक गॉगल काढतो, कामगार वाटी उचलतो, आणि डोळा किंवा कान उघडा पडतो. आराम ही चैन समजून आम्ही तो शेवटी ठेवतो. माझ्या अनुभवाने तो पहिल्यांदा विचारायचा प्रश्न आहे. आता दुकानात नंबर काढण्याआधी मी विचारतो, "कानावर काय घालता?" हेल्मेट, कॉल सेंटरचा हेडसेट, कारखान्यातल्या वाट्या, उत्तरे निरनिराळी येतात. लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. वैमानिक होऊ घातलेल्या त्या मुलाला मात्र वाटला नसता. त्याला मी जुन्या बाजारातला सरळ काड्यांचा गॉगल दाखवला तेव्हा त्याने तो हातात घेऊन दोनदा उलटसुलट पाहिला आणि विचारले, "हे आधीच सुचलं होतं?"

वडील आता पंच्याऐंशीचे आहेत. गेल्या वर्षी त्यांना श्रवणयंत्र घेतले. ते कानामागे बसते, नेमके काडीच्या जागी. पहिल्या दिवशी चष्मा घातला की यंत्र निसटे, यंत्र बसवले की चष्मा वाकडा होई. मी त्यांना दुकानात आणले, समोर बसवले आणि पातळ, सरळ काड्यांची फ्रेम घेऊन कानामागे मोजून मोजून जागा केली. बराच वेळ लागला. शेवटी आरशात न पाहताच ते म्हणाले, "टोचत नाही."

मी हळू आवाजात विचारले, "नक्की?"

त्यांना ऐकू गेले.